वारा अंगावर घेणारा

ग्योतोकु, २९ सप्टेंबर

अहो,

सुखरूप पोचले. हेच सांगायला विमानतळावरून फोन केला, घरी येऊन केला, आज सकाळी पुन्हा केला. तुम्ही उचलला नाहीत. ठीक आहे. फोन कापता येतो, पत्राला काय कराल? पोस्टमन ते दुकानाच्या काउंटरवर ठेवणार, तुम्ही दोन दिवस त्याच्यावर ऑइलचा डबा ठेवणार, आणि मग गिऱ्हाईक नसताना चष्मा शोधणार. इतकी वर्षं संसार केलाय, तेवढं ओळखते.

उल्का बरी आहे. विचारलं नाहीत तरी सांगते. सातवा लागलाय. अजून रोज टोकियोला बँकेच्या ऑफिसात जाते. पर्सला एक गुलाबी बिल्ला लावते, पोटात बाळ आहे असं त्यावर लिहिलेलं असतं. तो बघून गाडीत कुणीतरी उठून जागा देतं आणि कुणीतरी पटकन डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतं. माणसं इथूनतिथून सारखीच.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. तुम्ही म्हणालात, ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग मी माहेरच बॅगेत भरलं. डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान, मऊ लुगड्यांची दुपटी. निघताना तुम्ही चाकाच्या तारा पिळत बसला होतात, वर बघितलं नाहीत. मी रिक्षात बसले तेव्हा मात्र तारांचा आवाज थांबला होता. ते मी ऐकलं.

जावयाचंही सांगते, कारण तुम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. पियुष गरीब स्वभावाचा आहे. इथं जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, त्यांची बुचं वेगळी, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. मी काल केळ्याची सालं चुकीच्या पिशवीत टाकली, तर तो गुपचूप काढून बरोबर पिशवीत टाकत होता. मला बघून असा दचकला, जसा काही तोच चोर.

आता तुम्हाला हवं ते. आपल्या दुकानात हवेच्या पंपाच्या वर वीस वर्षं ज्याचं चित्र लावलंय, आणि ज्याला तुम्ही दसऱ्याला झेंडू वाहता, तो तुमचा फ्रेंच सायकलवाला, एमेरिक लॉर्ताल, त्याचं चित्र इथं स्टेशनच्या भिंतीवर आहे! मी ओरडलेच. पियुषने वाचून सांगितलं, दोन आठवड्यांनी तो इथल्या एका सायकलींच्या मैदानावर येणार आहे. शर्यती सोडून किती वर्षं झाली त्याला, तरी दर वर्षी एक दिवस येतो आणि त्या दिवशी मैदान भरतं.

मी जाणार आहे. तुमच्यासाठी सही आणणार आहे. उल्काला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "आई, मला सायकलचं काही सांगू नकोस." तोंड अगदी तुमच्यासारखं झालं होतं.

जेवणाची हेळसांड करू नका. दुकानातल्या प्रथमेशला सांगून आलेय, दुपारी काकांना जेवायला घातल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही.

तुमची (फोन उचलला नाहीत तरी),
जयमाला

ग्योतोकु, ५ ऑक्टोबर

अहो,

उत्तर येण्याइतके दिवस झाले नाहीत, ते कळतं. तरी जिन्यातल्या टपालपेटीत रोज डोकावते.

इथं एक झाड फुललंय. फुलं मोहरीएवढी, केशरी; दिसत नाहीत, पण सगळ्या गल्लीला वास येतो. संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या कर्ण्यावर एक सूर वाजतो, मुलांनी घरी जावं म्हणून. तो वाजला की मला वाटतं, आता तुम्ही शटर अर्धं ओढाल आणि चहाला आत याल. काल मी दोन कप ठेवले. उल्काने बघितलं, दुसऱ्या कपातला चहा तीच प्यायली. आठवण येते मला तुमची. या वयात लिहायला लाज वाटते, पण समोर असता तेव्हा कुठं सांगता येतं? समोर असता तेव्हा तुम्ही भांडत असता.

एक गंमत. पियुष म्हणाला, इथल्या शर्यतींवर लोक पैसे लावतात, म्हणून शर्यतीच्या दिवसांत स्वारांना एका वसतिगृहात ठेवतात आणि सगळ्यांचे फोन काढून घेतात. बायको नाही, मुलं नाहीत, बाहेरचा एक शब्द आत येत नाही. तुमच्या एमेरिकची मुलगी तिकडे फ्रान्समध्ये जन्मली तेव्हा तो असाच आत होता. शर्यती संपल्या, फोन हातात आला, तेव्हा त्याला कळलं.

त्याची शर्यत तीन-चार दिवसांत तरी संपायची. तुमची चौदा वर्षं चालू आहे. तुमचा फोन कुणी काढून घेतलाय हो?

जयमाला

ग्योतोकु, १४ ऑक्टोबर

अहो,

बसून वाचा. काल मी तुमच्या देवाला पाहिलं.

देव आता पन्नाशीला आलाय. पोट सुटलंय, चष्मा लागलाय. पण मैदानात पाऊल टाकायच्या आधी थांबला आणि ट्रॅकला वाकून नमस्कार केला. तुम्ही सरावाला येणाऱ्या पोरांना करायला लावता तसाच. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग लक्षात आलं, एकटी मीच नाही. आजूबाजूला सगळे म्हातारे, टोप्या घातलेले, कानावर तांबडी पेन्सिल खोचलेले, आणि नाक पुसतायत.

माझ्या शेजारी एक बाई होत्या, नोमुरा-सान. पंचाहत्तरीच्या असतील. पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या. घरचा जुना पडदा कापून त्यावर त्याचं नाव रंगवून आणलं होतं. पडद्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, विचारलंसुद्धा नाही. मी धरलं. मग मी त्यांना चिवडा दिला. त्यांना ठसका लागला, पण हात पुन्हा पुढे आला.

मी पियुषला म्हटलं, विचार त्यांना, इतकं काय आहे या माणसात? इतके चँपियन झाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तो जिंकायचा तेव्हा आम्ही त्याच्यावर पैसे लावायचो. आवडायला लागला तो हरला त्या दिवसापासून."

कुठली शर्यत म्हणत होत्या ओळखलंत? तीच. मोऱ्यांच्या अनंताने सीडी आणून दिली होती ती. पिवळ्या कपड्यातला एमेरिक दीड फेरी उरल्याची घंटा वाजल्यावर सगळ्यांच्या पुढे निघतो, ती जीव तोडून मारतो आणि शेवटच्या सरळ पट्टीत एक निळ्या कपड्यातला म्हातारा त्याच्या मागून निघून जिंकतो. एमेरिक पाचवा. किती पोरांना दाखवलीत ती! आणि दर वेळी तेच बोलायचं, "बघा, एवढा मोठा माणूस, पण घंटेला घाई केली. दम संपला. घंटेला पुढे जाईल तो मूर्ख." आणि खट्कन सीडी बंद.

अहो, त्याचा दम संपला नव्हता.

नोमुरा-सान सांगत होत्या, पियुष मला सांगत होता, आणि मी ऐकत होते. इथं नऊ जण नऊ दिशांना पळत नाहीत. दोघंतिघं ओळीने पळतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला राहतो आणि मागून कुणी चढून आलं तर त्याला अडवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोण कुणाच्या मागे राहणार हे आदल्या दिवशी उघड सांगावं लागतं. पेपरात छापून येतं. प्रत्येकाच्या नावापुढे एवढंसंच वाक्य, 'अमक्याच्या मागे.' लपवाछपवी नाही. बघणाऱ्यांना माहीत असलं पाहिजे.

परदेशी पाहुण्यांना कुणाची ओळ नसते. एमेरिक पाच वर्षं यायचा, आणि दर वेळी त्याच्या नावापुढे छापून यायचं, 'एकटा.' एकटा यायचा, जिंकायचा, जायचा. निळ्या कपड्यातला म्हातारा म्हणजे कुसाका-सान. पहिल्या वर्षी एमेरिकला इथलं काही कळत नव्हतं, तेव्हा आंघोळीला कसं जायचं इथपासून ते कुणाला किती वाकायचं इथपर्यंत सगळं कुसाकांनी शिकवलं. कुसाकांची ती आपल्या गावच्या मैदानावरची शेवटची शर्यत होती. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर एमेरिक म्हणाला, "उद्या कुसाका-सान माझ्या मागे. वारा मी घेतो." पेपरात छापून आलं. लोकांनी वाचलं आणि डोळे चोळून पुन्हा वाचलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं. घंटेला निघाला, कारण तेवढ्या लांबून निघालं तरच मागच्याला कुणी गाठू शकत नव्हतं. नोमुरा-सान म्हणाल्या, त्या दिवशी त्यांचे पैसे बुडाले आणि त्या घरी गात गेल्या.

तुम्ही वीस वर्षं त्याचं चित्र लावलंत, झेंडू वाहिलात, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या दिवसाला मूर्खपणा म्हणत आलात. मी हसत होते आणि मला रडू येत होतं. तुमची तरी काय चूक? पेपर जपानी, आपल्याला कोण वाचून दाखवणार?

शेवटचं सांगते. काल एमेरिकने एक फेरी मारली, सावकाश. अर्ध्या फेरीत फाटक उघडलं आणि कुसाका-सान आले, बाजारात जायच्या सायकलवर, पुढे टोपली, टोपलीत कांद्याची पात. एमेरिकने मान वळवून बघितलं, वेग कमी केला, त्यांना मागे घेतलं, आणि पुन्हा पुढे लागला. दोघं तसेच गेले, पुढे एमेरिक, मागे टोपली. पडदा धरून माझे हात भरून आले.

सही मिळाली. तुमच्या नावाने आहे. पोस्टाने पाठवणार नाही, हवी तर येऊन घ्या.

जयमाला

ग्योतोकु, २० ऑक्टोबर

अहो,

आधीचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं कळलंय असं वाटत होतं. कसलं कळलंय! निम्मंसुद्धा नाही. बाकीचं कालपरवा घरातच मिळालं.

मैदानावरून आल्यावर चार दिवस मी गप्प होते. मला ते जमत नाही, माहितीय तुम्हाला. शनिवारी उल्का पाय वर करून बसली होती, मी तेल चोळत होते आणि बोलता बोलता कुसाकांची टोपली, कांद्याची पात सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ही आता उठून जाईल. ती उठली नाही. म्हणाली,

"मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"त्या शर्यतीचं. तो शेवटच्या रेघेवर हरला की बाबा सीडी बंद करायचे. पुढे त्याची मुलाखत होती. तुम्ही दोघं लग्नाला गेला होतात तेव्हा मी एकटीने बघितली. तो रडतही होता, हसतही होता, आणि त्या म्हाताऱ्याला मिठी मारत होता. हरलेला माणूस असं का करेल? जपानीतून काय बोलतोय तेच कळेना. म्हणून जपानीच्या क्लासला नाव घातलं."

आपल्याला काय वाटायचं? कॉलेजातल्या मैत्रिणींचं बघून गेली म्हणून. तुम्ही म्हणायचात, सरावाचा वेळ जातो, भाषा काय चाटायचीय? अहो, पोरगी तुमचाच देव काय म्हणतोय ते ऐकायला गेली होती.

आता बालेवाडीचं. तुम्ही ज्या दिवशी बोलणं टाकलंत तो दिवस. राज्याच्या निवडीची शर्यत. उल्का आणि सुनीता, दोघी तुमच्याच हाताखालच्या. घंटा वाजली आणि उल्का पुढे सुटली, सुनीता तिच्या मागे. शेवटी सुनीता जिंकली, उल्का सहावी. तुम्ही भर मैदानात, सगळ्यांदेखत म्हणालात, "दम नव्हता तर उतर." ती उतरली, ती पुन्हा चढली नाही.

सुनीताचे वडील त्या उन्हाळ्यात गेले होते. निवड झाली तर खेळाडूंच्या जागेतून नोकरी, नाहीतर गावी परत, स्थळ ठरलेलं. उल्काने वारा घेतला तिच्यासाठी. तुमच्या एमेरिकने घेतला तसा, त्याच घंटेला. मी म्हटलं, मेले, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर बाबांनी पळूच दिलं नसतं. नंतर सांगायला गेले तर म्हणाले, हरणाऱ्याने कारणं सांगू नयेत. दुसऱ्या दिवशी माझी सायकल दुकानात विकायला लावली होती. मग कुणाला सांगू?"

पाय माझ्या मांडीवर तसेच होते. सुजलेत थोडे. मी तेल लावत राहिले, दुसरं काय करणार?

मला तुमचा राग आलाय, तो इथं लिहिते, नाहीतर घशाशी राहील. तुम्ही शर्यत बघितलीत आणि पोर बघितली नाहीत. स्टॉपवॉच माझ्या हातात असायचं म्हणून मीही आकडेच बघत बसले, हेही खरं. पण मी निदान फोन उचलत होते.

सुनीता आता पोलिसात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी वाट वाकडी करून दुकानात येते, चाकांत हवा चांगली असते तरी भरून घेते, आणि तुमच्या पायाला हात लावते. तुम्हाला वाटतं, गुरू म्हणून. पुढच्या वेळी आली की विचारा तिला, नमस्कार कुणाला करतेस? मी काही सांगणार नाही.

दिवाळी आठवड्यावर आली. चकल्यांची भाजणी डब्यात आहे, प्रथमेशच्या आईला द्या. एकटे बसून राहू नका. बाळ डिसेंबरात येईल. मुलगी असो नाहीतर मुलगा, त्याला आजोबा हवाय. मला नवरा हवाय. उल्काला काय हवंय ते ती सांगणार नाही, ती तुमची मुलगी आहे.

जयमाला

ग्योतोकु, १४ नोव्हेंबर

अहो,

तुमचं कार्ड आलं.

काल संध्याकाळी. कर्ण्यावर पाचचा सूर वाजत होता, मी कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर टाकतात ती जाळी गुंडाळून ठेवून वर येत होते, सवयीने पेटीत हात घातला. पुण्याचा शिक्का बघितला आणि जिन्यातच बसले. खालच्या मजल्यावरच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. कसं सांगणार त्यांना?

ना मायना, ना तारीख, ना 'कशी आहेस'. दिवाळीचं कार्ड, त्यावर पणत्या, आणि मागच्या बाजूला तुमच्या त्या मोजूनमापून लिहिल्यासारख्या अक्षरात एकच ओळ:

'उल्काच्या मागे. — दिगंबर'

मी ते तिथंच कितीदा वाचलं. पेपरात छापतात तसंच, तितकंच. आणि तुमच्यासारख्या माणसाला याच्यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, हे मला कळतं. लिहायला तुम्हाला किती दिवस लागले असतील, तेही कळतं.

बाकीचं प्रथमेशने फोनवर कळवलं. सुनीता पाडव्याला दुकानात आली होती. तुम्ही विचारलंत. ती गणवेशातच होती आणि तुमच्यासमोर स्टुलावर बसून रडली. मग तुम्ही शटर ओढून घेतलंत, अनंता मोऱ्यांकडून ती सीडी चालणारं यंत्र मागून आणलंत आणि शेवटपर्यंत बघितलीत. मुलाखतीसकट. कळलं काहीच नसेल. तरी बघितलीत. पासपोर्ट कुठे आहे म्हणून सगळी कपाटं उपसलीत म्हणे. अहो, देवघराच्या खालच्या खणात आहे, तिथंच तर असतो! प्रथमेश म्हणाला, व्हिसाचं झालं, २३ तारखेची सकाळ धरून चाला.

उल्का ऑफिसातून आली. आता तिची रजा पुढच्या आठवड्यापासून सुरू होईल. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिने कोट काढला नाही, पर्स खांद्यावरच, तो गुलाबी बिल्ला लोंबकळतोय. तिने वाचलं. मग ती गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. पियुष चहा टाकायला उठला, मी त्याला खुणेने बस म्हटलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. पाठ हलत होती.

आत आली तेव्हा नाक लाल होतं. म्हणाली, "विमानतळावर मी जाणार. पियुष नको."

मी म्हटलं, "ह्या अवस्थेत? डोकं फिरलंय का?"

"डॉक्टर म्हणालेत चालायला. मी जाणार."

तुम्हा दोघांपुढे कुणाचं चालतं?

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचेल की नाही, सांगता येत नाही, म्हणून फोटो काढून प्रथमेशच्या फोनवर पाठवते. येताना जाड मोजे आणा, खाडीवरून वारा येतो इथं. एमेरिकची सही भिंतीला लावून ठेवलीय, तुम्ही आल्यावर झेंडू कुठे मिळतो ते बघू. नोमुरा-सानना सांगितलंय की माझे यजमान येतायत. त्या चिवडा मागतायत, तिखट कमी घालून.

आणि उल्काने निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. झोपायला जाताना दारात थांबली, पाठमोरीच होती. म्हणाली, "बाबांना म्हणावं, स्टेशनवर गर्दी असते. माझ्या मागेच राहायचं. मी आता हळू चालते. पुढे पळायचं नाही."

वाट बघतेय,
जयमाला